आधी पोराची वही, मग आपली पदवी

बाय,

तू पाठवलेला परिचय वाचला. ‘बी.एस्सी., बी.एड., विद्यार्थ्यांच्या सर्वांगीण विकासासाठी कटिबद्ध’ इथपर्यंत आले आणि चष्मा काढून ठेवला. आरोंद्यातली कुठली आई तुझ्याकडे सर्वांगीण विकास मागायला येणार आहे? ती येईल पदराला हात पुसत आणि म्हणेल, ‘‘माझ्या झिलाक भागाकार जमना नाय, तो जमतलो काय?’’ तुझ्या परिचयात या प्रश्नाचं उत्तर कुठे आहे ते मला दाखव. शिकवणी काढतेस ही चांगलीच गोष्ट आहे. माझंही आयुष्य पडवीत पोरं बसवून शिकवण्यातच गेलं. म्हणून लिहिते. पटेल ते घे.

गावात आपला परिचय आपण द्यायच्या आधीच पोचलेला असतो. तुला दहावीला किती पडले, कॉलेजला कुठे होतीस, मधलं एक वर्ष का राहिलं, हे वाडीत सगळ्यांना पाठ आहे. त्यामुळे पदवीवर एकच वाक्य खर्च कर. विषय मात्र स्पष्ट सांग. रसायनशास्त्रात बी.एस्सी. झालेल्या मुलीला दहावीचं विज्ञान आणि गणित येतं, हे लोक मानतील. तिनेच त्याखाली इंग्रजी, संस्कृत, हिंदी, समाजशास्त्र अशी रांग लावली, की शहाणा बाप मनात म्हणतो, ही काय सगळ्याच देवांचे नवस फेडणार? दोन विषय घे. बाकीचे कोण चांगले शिकवतं ते माहीत असेल तर त्यांची नावं सांग. आपल्याकडे नसलेल्या विषयासाठी दुसऱ्याकडे पाठवणारी बाई लोकांच्या लक्षात राहते.

अपुरं राहिलेलं शिक्षण लपवू नकोस. तुझ्याबरोबरची ती दुसरी मुलगी शेवटचं वर्ष न देताच शिकवण्या घेणार आहे म्हणे, तिलाही हे सांग. शेजारच्या शिरोड्यात वि. स. खांडेकर 1920 साली शिक्षक म्हणून आले तेव्हा त्यांची पदवी पुरी झालेली नव्हती. पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात गेले होते, ते शिक्षण अर्धवट सुटलं. शिरोड्याच्या त्या शाळेचं नावच ‘ट्युटोरियल इंग्लिश स्कूल’. तिथे ते 1938 पर्यंत शिकवत राहिले. ज्ञानपीठ फार पुढे, 1974 चं. म्हणजे ती अठरा वर्षं शिरोड्याच्या आईबापांनी आपली मुलं पुढे नाव काढणाऱ्या लेखकाच्या नव्हे, एका तरुण मास्तराच्या हाती दिली होती. पण यावरून ‘पदवीचं काय एवढं’ असा अर्थ काढू नकोस. बारावी झालेलीने चौथीपर्यंतची मुलं घ्यावीत आणि तसं सांगावं. ‘एम.एस्सी. (अपिअर्ड)’ असलं कंसातलं लिहिणं मला आवडत नाही. लोक कंस वाचत नाहीत आणि कंस घालणाऱ्यालाही ते ठाऊक असतं.

बी.एड. केलंयस म्हणजे उद्या शाळेत लागशील, तर आत्ताच ऐकून ठेव. शिक्षण हक्काच्या 2009 च्या कायद्यात 28 वं कलम आहे. शाळेतल्या शिक्षकाने खासगी शिकवणी घ्यायची नाही, असं ते सरळ सांगतं. नोकरी लागली की त्या दिवसापासून शिकवणी बंद. ‘बहिणीच्या नावावर चालवते’ ही पळवाट सगळ्या गावाला दिसत असते. आत्ता तू कुठे नोकरीला नाहीस, तर परिचयात तेही एका ओळीत येऊ दे, म्हणजे कुजबूज होणार नाही.

आता बढाईचं. नाक्यावर फलक लावून ‘शंभर टक्के निकालाची परंपरा’ लिहायचा विचार असेल तर तो सोड. आपलं कोकण मंडळ दहावीच्या निकालात दर वर्षी राज्यात पहिलं असतं. 2024 ला 99.01 टक्के, 2025 ला 98.82. जिथे शंभरातली जवळजवळ नव्व्याण्णव मुलं तशीही पास होतात, तिथे पास करून दाखवण्यात शिकवणीचा वाटा किती, हे हिशेब जाणणारा कुणीही विचारील. आपल्या मुलांचं दुखणं पास होण्यात नाहीच. चांगल्या टक्क्यांनी पास झालेलं पोर अकरावी सायन्सला सावंतवाडीला जातं आणि दिवाळीपर्यंत त्याचा चेहरा उतरलेला असतो, कारण बीजगणिताची पानं पाठ झालेली असतात, समजलेली नसतात. तू काय करणार आहेस ते या जागी सांग. ‘पुढच्या वर्षी अडणार नाही अशा बेताने शिकवते’ एवढं म्हणालीस तरी ज्यांची थोरली मुलं अकरावीत आपटली आहेत ते आईबाप कान टवकारतील.

‘हमखास नव्वद टक्के’ हे तर कधीच नको. केंद्र सरकारने जानेवारी 2024 मध्ये कोचिंग क्लाससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात गुणांची हमी द्यायला मनाई आहे. शिकवणारा निदान पदवीधर असावा आणि सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश देऊ नये, असंही त्यात आहे. त्या सूचना पन्नासाहून जास्त मुलं असलेल्या क्लासांना धरून आहेत. तुझ्या पडवीत पन्नास पोरं मावायची नाहीत, तेव्हा घाबरू नकोस. पण पुण्यामुंबईच्या क्लासचं पाहून पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो फलकावर टाकायची हौस इथेही आली आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरात ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने सांगितलं, की यशस्वी विद्यार्थ्याचं नाव किंवा फोटो जाहिरातीत वापरायचा तर निकालानंतर त्याची लेखी संमती हवी. नियम बाजूला ठेव. पोराचा फोटो नाक्यावर उन्हापावसात फाटून लोंबतो तेव्हा त्याच्या आजीला काय वाटत असेल, एवढा विचार कर आणि फलकावर फक्त विषय, इयत्ता, वेळ आणि फोन नंबर लिही.

पहिल्या भेटीबद्दल मला जास्त सांगायचं आहे, कारण खरा परिचय तिथेच होतो.

आई किंवा बाप पोराला घेऊन येतात आणि पोरासमोरच सुरू होतात, ‘‘अभ्यास म्हणून करना नाय, सगळो वेळ मोबाईल.’’ पोर खाली मान घालून अंगठ्याने जमीन उकरत असतं. अशा वेळी गुण विचारू नकोस. वही माग. वही सगळं सांगते. पहिली चार पानं सुवाच्य आणि मग अक्षर घसरत गेलेलं असेल, तर शाळेत वेग झेपत नाही. प्रत्येक उदाहरण बरोबर आणि त्यावर एकही खाडाखोड नाही, तर ते फळ्यावरून उतरवलेलं आहे. उत्तर चुकलेलं पण मधल्या पायऱ्या नीट असतील, तर हे पोर लवकर वर येणार. हे आईबापांसमोर मोठ्याने वाचून दाखव. ‘याला येत नाही’ म्हणण्याऐवजी ‘याला हातचा घेताना अडतं’ म्हटलंस, की आईचा चेहरा बदलतो. तुझ्या बी.एड.ची खरी ओळख तिला त्या वाक्यात होते.

मग पोराला दोन कामं दे. एक परिच्छेद मोठ्याने वाचायला लाव आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायला सांग. ‘प्रथम’ संस्थेचे लोक 2005 पासून गावोगाव जाऊन मुलांची जी पाहणी करतात, ‘असर’ म्हणतात तिला, तीत साधारण हेच बघतात. आठवीच्या मुलालाही हे दे आणि लाजू नकोस. आठवीचं पोर सातशे चोवीसला सहाने भागताना अडखळलं, तर वर्गमुळं आणि बहुपदी शिकवायच्या आधी एक महिना मागे जावं लागेल. हे त्याच दिवशी सांग. ‘एक महिना तुम्हाला वाटेल की ही चौथीचं शिकवते, तेव्हा मला फोन करू नका,’ असं मी बिनदिक्कत सांगत असे. काही जण पोराला घेऊन परत जात. जाऊ द्यायचे.

पोर मालवणीत बोललं तर हसू नकोस, आणि त्याचं वाक्य लगेच सुधारूही नकोस. ‘‘माका येना नाय’’ म्हणायला त्याला धीर लागलेला असतो. आधी ‘‘खय अडला ता दाखय’’ असं म्हण, म्हणजे ते वही पुढे करील. लिहिताना प्रमाण मराठी, बोलताना जे तोंडाला येईल ते, हा नियम पडवीत असू दे. सेमी-इंग्रजीच्या पोरांचं दुखणं आणखी वेगळं. अंश-छेद त्यांना प्राथमिक शाळेपासून येतात, पण पुस्तकात ‘न्यूमरेटर’ आला की तो नवाच प्राणी वाटतो. वहीच्या शेवटच्या पानावर दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहायला लाव. दहावीला गणिताच्या भाग एक आणि भाग दोन अशा चाळीस-चाळीस गुणांच्या दोन प्रश्नपत्रिका असतात, प्रत्येकीला दोन तास. प्रश्नातला एक शब्द न कळल्यामुळे चार गुण गेलेली मुलं मी बघितली आहेत, गणित येत असूनही.

‘माझी शिकवण्याची पद्धत’ या शीर्षकाखाली तू सात ओळी लिहिल्या आहेस. कृतीयुक्त, आनंददायी, विद्यार्थिकेंद्रित. बी.एड.च्या प्रबंधातून उचलल्या असाव्यात. त्या काढून एक उदाहरण लिही. एका उदाहरणावरून पद्धत कळते. तुझ्याजवळ पटकन नसेल तर माझं घे.

आपल्या जुन्या माणसांचा भरतीचा आडाखा तुला माहीत आहे. तिथीची पाऊणपट करायची, ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, बारसीला नऊ. पौर्णिमा-अमावास्येनंतर पुन्हा एकपासून. हा आडाखा म्हणजे अपूर्णांकाचा अख्खा धडा आहे. पावकी, निमकी, पाऊणकी आता कुणी पाठ करत नाही, पण तेरेखोल नदीच्या काठावरच्या पोराला पाऊणकी पाठ न करताही येते, फक्त त्याला ती गणित म्हणून ओळखीची नसते. ‘आज नवमी, भरती कधी?’ असं विचार. नऊ गुणिले तीन भागिले चार, म्हणजे पावणेसात. आता त्याला भरतीचं छापील कोष्टक दे आणि खरी वेळ काय ते बघायला सांग. आपल्या काठावर फरक पडतो. तो किती आणि दर वेळी तेवढाच का, हे त्याला वहीत लिहू दे. मग पुढचा प्रश्न: पाऊणकीने भरती रोज पंचेचाळीस मिनिटं पुढे सरकते, पण प्रत्यक्षात ती साधारण पन्नास मिनिटांनी सरकते. मग पंधरा दिवसांत चूक किती साचते? आणि आडाखा तरीही का चालतो? तिथी आणि तारीख यांतला फरक जो शोधून काढील त्याला गणित येतं असं मी समजते. वेळा बघायला पोरांना एकटं जेटीवर मात्र पाठवू नकोस. ज्यांच्या घरी होडी आहे त्यांनी घरच्यांना विचारून यावं.

शेकडेवारीसाठी काजू आहेच. सुक्या बियांतून गर साधारण पाव हिस्सा निघतो. बीचा दर आणि गराचा दर घेऊन कारखानदाराला काय सुटतं ते काढायला लाव. बापाला रात्री जेवताना पोराने तो हिशेब सांगितला की पुढच्या महिन्याची फी आपोआप वेळेवर येते. विनोद नाही, असंच होतं.

आपली उदाहरणं आपण रचायला हवीत. गाईडातली आयती उदाहरणं घालून शिकवणारे आपल्या भोवती पुष्कळ आहेत. मालवणात जन्मलेले रामकृष्ण गोपाळ भांडारकर रत्नागिरीच्या हायस्कुलात मुख्याध्यापक होते. संस्कृत शिकणाऱ्या मुलांसाठी त्यांनी इंग्रजीतून पहिलं आणि दुसरं अशी दोन पुस्तकं रचली, आणि पुढे कितीतरी पिढ्या त्यांवरच संस्कृत शिकल्या. केवढा पंडित माणूस, पण नवशिक्या पोराला कुठला धडा आधी द्यावा आणि कुठला नंतर, याचा विचार त्याला कमीपणाचा वाटला नाही. तू पुस्तक लिहू नकोस, पण दर रविवारी पुढच्या आठवड्याची दहा उदाहरणं स्वतःच्या हाताने लिही. मोबाईलवर सापडलेली पीडीएफ पुढे ढकलणं हे शिकवणं नव्हे.

लहान मुलांच्या परीक्षांबद्दल विचारायला येतील. त्यांना नीट माहिती दे, कारण गावात ती अर्धीमुर्धीच पोचते. नवोदय आपल्याच तालुक्यात, सांगेलीला आहे. पाचवीत असताना परीक्षा, सहावीत प्रवेश, ऐंशी प्रश्न, शंभर गुण, दोन तास. त्यातले चाळीस प्रश्न बुद्धिमत्तेचे, वीस अंकगणिताचे, वीस भाषेचे. निदान पंचाहत्तर टक्के जागा ग्रामीण मुलांच्या. आठवीत एन.एम.एम.एस. ही केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा असते. सरकारी किंवा अनुदानित शाळेत शिकणाऱ्या आणि वर्षाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलेल्या घरातल्या मुलाला ती मिळाली, तर नववी ते बारावी दर वर्षी 12,000 रुपये येतात. पागाचं जाळं शिवणाऱ्या घरात ही रक्कम लहान नाही. राज्याची शिष्यवृत्ती परीक्षा कुठल्या इयत्तेला, हे सरकार मधूनमधून बदलतं, तेव्हा त्या वर्षाचं परिपत्रक शाळेत विचारूनच पालकांना सांग. या परीक्षांची तयारी तू करून घेणार असशील तर परिचयात तसं लिही, आणि बुद्धिमत्तेचे प्रश्न शिकवायला स्वतः तयार नसशील तर लिहू नकोस.

पुलापलीकडे गोव्यात गेलीस की मात्र सगळं बदलतं. किरणपाण्याला तुला कुणी ओळखत नाही. तिथे पदवी, विद्यापीठ आणि वर्ष सगळं सांगावं लागेल, आणि कुणी मागितलं तर कागद दाखवावा लागेल. रागावू नकोस, त्यांचं बरोबर आहे. आणि पहिला प्रश्न तू विचार, ‘पुस्तक कुठलं?’ गोव्याचं मंडळ वेगळं, पुस्तकं वेगळी, पाचवीपासून बहुतेक ठिकाणी इंग्रजी माध्यम. आपल्या बालभारतीच्या भूमितीच्या पुस्तकावर तिकडच्या नववीला शिकवत बसलीस तर पोराचं नुकसान आणि तुझं हसं. त्यांचं पुस्तक आणून मेमध्ये स्वतः सोडव, मगच हो म्हण. भूगोल घेतलास तर एक गंमत सांग: तेरेखोलचा किल्ला नदीच्या आपल्या अंगाला आहे, तरी तो गोव्याचा. नदी म्हणजे हद्द असं पाठ केलेली मुलं इथे हमखास फसतात.

चाकरमान्यांची मुलं ऑनलाइन शिकवायची झाली तर परिचयाची तिसरीच तऱ्हा. मुंबईतलं सी.बी.एस.ई.चं पोर तुझ्याकडे गणितासाठी येईल असं मला वाटत नाही, त्यांच्या दाराशी पंधरा क्लास आहेत. ते येतील मराठीसाठी. दहावीला मराठी आहे आणि घरात कुणी वाचत नाही, असे बरेच आहेत. परदेशातलेही असतात. अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा चालतात आणि त्या मुलांना आठवड्यातून एकदा गप्पा मारायला माणूस हवा असतो. तिथे प्रमाणपत्रांचे फोटो पाठवू नकोस. पाच मिनिटांचा शिकवतानाचा व्हिडिओ पाठव. आवाज कसा आहे, घाई किती करतेस, पोर चुकल्यावर चेहरा कसा होतो, हे त्यांना त्यात दिसतं. आणि पावसाळ्यात आपल्याकडे वीज आणि रेंज दोन्ही जातात, हे आधीच सांगून ठेव.

वेळेचं बोलणंही पहिल्याच दिवशी कर. लावणीच्या दिवसांत मोठी मुलं शेतात असतात, तेव्हा सकाळची वेळ धरून बसू नकोस. चतुर्थीला दीड दिवसाचा गणपती असो की एकवीस दिवसांचा, भजनं आणि पाहुणे यांत आठवडा जातोच, तो वेळापत्रकातच सोड. जत्रांचे दिवस आले की पोरं रात्रभर दशावतार बघतात. दुसऱ्या दिवशी त्यांना गणित घालणं म्हणजे झोपलेल्या बैलाला जू लावणं. त्या दिवशी नाटकात राजाने काय केलं ते दहा ओळींत लिहायला दे. दहावीची परीक्षा आता फेब्रुवारीतच सुरू होते, तेव्हा जानेवारीत नवा धडा काढायचा नाही, हे आईबापांनाही सांगून ठेव.

मुली असतील तर दिवेलागणीच्या आत सोड. त्यांना आणायला-पोचवायला कोण येणार ते विचारून लिहून ठेव. शिकवणी पडवीत किंवा खळ्यात, दार उघडं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी. एकाच मुलाला घरी जाऊन शिकवायचं असेल तर घरात मोठं माणूस हवं, हे न लाजता सांग. आणि घरी जाऊन शिकवणं कमीपणाचं समजू नकोस. देवगडजवळच्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर, ज्यांनी 1832 साली ‘दर्पण’ काढलं, ते अक्कलकोटच्या राजपुत्राचेही शिक्षक होते. तुझ्या वाट्याला राजपुत्र यायचा नाही. आंबा-काजूच्या बागायतदाराचा एकुलता एक येईल, आणि त्याच्या आजीचा चहा नाकारता येणार नाही.

फी. तोंडातल्या तोंडात पुटपुटू नकोस. महिन्याची किती, कुठल्या तारखेपर्यंत, सुट्टीच्या महिन्याची घेणार की नाही, मध्येच सोडलं तर काय, हे परिचयाच्या कागदावरच खाली लिही. ज्यांना परवडत नाही त्यांच्याशी दाराआड बोल आणि ते तिसऱ्या माणसाला सांगू नकोस. कुणी बांगडे आणून देईल, कुणी फणस, कुणी तांदूळ. घे, आनंदाने घे. पण मासळी ही मासळी आणि फी ही फी. बांगड्यांच्या बदल्यात फी सोडलीस की पुढे दोघांनाही अवघड होतं, आणि सरतेशेवटी तुटतात ते संबंध. पैसे घेतलेस की साधी पावती दे, वहीत नोंद कर.

आता तुझ्या त्या लांब परिचयाऐवजी मी लिहिते ते बघ:

‘‘मी अमुक, आरोंदा. रसायनशास्त्रात बी.एस्सी. आणि बी.एड. सध्या कुठल्याही शाळेत नोकरीला नाही. आठवी ते दहावीचं गणित आणि विज्ञान शिकवते, मराठी आणि सेमी-इंग्रजी दोन्ही. एका तुकडीत आठ मुलं. पहिल्या दिवशी मुलाची वही बघून तो कुठे अडतो ते सांगेन. पहिले दोन तास बघा, मग ठरवा. इंग्रजी शिकवत नाही. गुणांची हमी देत नाही. दर महिन्याच्या शेवटी मुलाची वही घेऊन दहा मिनिटं भेटायला या.’’

शेवटचं वाक्य गाळू नकोस. बाप यायचे नाहीत, आया येतील. त्यांच्यासमोर वही उघडून या महिन्यात काय जमलं आणि काय नाही ते दाखवायचं. जे जमलं नाही तेही दाखवायचं. ज्या आईला शाळा चौथीतच सोडावी लागली तीसुद्धा खाडाखोड आणि बरोबरची खूण यांतला फरक ओळखते.

आठ मुलं हा आकडा मी विचार करून लिहिला आहे. त्याहून जास्त घेतलीस तर वह्या बघणं होत नाही, आणि वह्या बघणार नसशील तर वरचं सगळं खोटं ठरतं. नववं पोर आलं तर दुसरी वेळ काढ किंवा नाही म्हण.

शाळा जूनच्या मध्याला उघडतील. पाटी रंगवायला मेच्या शेवटच्या आठवड्यात दे, पावसाआधी वाळेल. फोन नंबर मोठा लिही. आणि हा कागद छापायच्या आधी तुझ्या आईला वाचायला दे. तिला एखादा शब्द अडला तर तो बदल.